नोकरी सांभाळून एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जीत मास्टर्स किंवा पीएचडी कशी करायची (मुंबईत राहणाऱ्यांसाठी)

मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्यात मिनरल्सच्या लाइनमध्ये, म्हणजे खनिजातून धातू काढायच्या कामात (हीच एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जी) असणारी माणसं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत. इथं खाण नसली तरी टाटा स्टीलचं बॉम्बे हाऊस फोर्टात आहे, जेएसडब्ल्यू बीकेसीत आहे, हिंदाल्कोचं हेडऑफिस मुंबईतच, रेअर अर्थवाली सरकारी कंपनी आयआरईएल प्रभादेवीला सिद्धिविनायकाजवळ, ट्रॉम्बेला बीएआरसी, आणि तळोजा-तारापूरला छोटीमोठी युनिटं वेगळीच. यातली बरीच मंडळी बीई केमिकल, बीई मेटलर्जी नाहीतर एमएस्सी केमिस्ट्री करून कामाला लागलेली, काही वर्षं शिफ्ट केल्यावर वाटायला लागतं की प्लांट चालवता येतो पण तो असा का वागतो ते नीट कळत नाही. हे वाटणं अगदी बरोबर आहे आणि पुढच्या शिक्षणाचं खरं कारण तेच असावं. पगार वाढेल म्हणून करणारेही आहेत, त्यांना नावं ठेवत नाही, पण कारण तेवढंच असेल तर मधल्या सेमिस्टरला दम निघतो.

माझं ठाम मत आहे की कॉलेजची यादी काढायच्या आधी आपल्या प्लांटमधला एक प्रश्न कागदावर लिहून काढायचा. एकच. रिकव्हरी (खनिजातला किती टक्के धातू हाती लागतो ते) का पडते, अ‍ॅसिड इतकं का खातं, स्लॅगमधून (भट्टीतल्या वितळलेल्या मळीतून) धातू का जातो, असा. आणि प्रश्न आकड्यात लिहायचा, कारण आकड्यात लिहायला बसलं की कळतं प्रश्न नक्की कुठला आहे ते.

समजा तांब्याचा फ्लोटेशन प्लांट आहे, म्हणजे दळलेल्या खनिजात हवेचे बुडबुडे सोडून फेसाबरोबर तांब्याचं खनिज वर काढतात तो. फीडमध्ये (आत जाणाऱ्या मालात) १ टक्का तांबं, कॉन्सन्ट्रेटमध्ये (फेसातून निघालेल्या मालात) २५ टक्के, टेल्समध्ये (टाकून द्यायच्या मालात) ०.१० टक्का. टू प्रॉडक्ट फॉर्म्युला शिफ्टवाल्या सगळ्यांना पाठ असतो, फीडमधून टेल्स वजा करा आणि कॉन्सन्ट्रेटने गुणा, मग कॉन्सन्ट्रेटमधून टेल्स वजा करून फीडने गुणा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. रिकव्हरी येते साधारण ९०.४ टक्के. आता बाकी काही न हलवता फक्त टेल्सचा आकडा ०.१५ धरा. रिकव्हरी थेट ८५.५ वर. म्हणजे टेल्सच्या सॅम्पलमध्ये ०.०५ चा फरक पडला की मिटिंगमध्ये पाच टक्क्यांवरून वादावादी, ऑपरेशनवाले म्हणणार रिएजंट (फ्लोटेशनचं केमिकल) खराब आलं, लॅबवाले म्हणणार आमचं बरोबर आहे, आणि खरा घोळ असतो सॅम्पल घेणाऱ्याच्या हातात.

कारण सॅम्पल कसं घेतलं ते कुणी बघतच नाही. चालत्या बेल्टवरून वरवर फावडं मारलं तर जे वर आहे तेवढंच येतं, बारीक माल खाली बसलेला असतो तो राहूनच जातो. बरोबर पद्धत म्हणजे माल जिथं खाली पडतो तिथं पूर्ण धार एका वेगाने आडवी कापायची. आणि किती किलो घ्यायचं हे दाण्याच्या आकारावर ठरतं. पिएर जी या फ्रेंच माणसाने सॅम्पलिंगची जी थिअरी मांडली तिच्यात किमान वजन दाण्याच्या आकाराच्या घनाप्रमाणे वाढतं, दाणा दुप्पट मोठा असला की सॅम्पल आठपट लागतं. तेवढं कोण घेतं सांगा. पण हे न करता रिकव्हरीवर थिसिस लिहायचा म्हणजे वाळूवर घर बांधणं.

आता दुसरी बाजू बघा. कुणीतरी मिटिंगमध्ये म्हणतं अजून बारीक दळा, अडकलेलं खनिज सुटेल. सुटेलही. पण दळायला किती वीज लागते ते सांगणाऱ्या बॉन्डच्या सूत्रात आकडे घालून बघा, वर्क इंडेक्स (खनिज दळायला किती कठीण तो आकडा) १४, मिलमध्ये जाणारा माल ८० टक्के १०,००० मायक्रॉनखाली, बाहेर येणारा १०० मायक्रॉनखाली, तर टनामागे १२.६ युनिट वीज लागते. तेच ६४ मायक्रॉनपर्यंत न्यायचं तर १६.१. टनामागे साडेतीन युनिट जास्त, आणि रोजचे हजारो टन. मग तुमचा प्रश्न फ्लोटेशनच्या केमिस्ट्रीचा आहे, ग्राइंडिंगचा आहे का सॅम्पलिंगचा? तिन्हीचे गाईड वेगळे, लॅब वेगळ्या, कधीकधी तर डिपार्टमेंटच वेगळं. म्हणून म्हणतो आधी प्रश्न.

आता कुठं शिकायचं. मुंबईत पहिलं नाव अर्थातच पवईचं, आयआयटी बॉम्बेचं मेटलर्जिकल इंजिनिअरिंग अँड मटेरियल्स सायन्स डिपार्टमेंट. इथं एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, या डिपार्टमेंटमध्ये मटेरियल्सवाले प्रोफेसर भरपूर असतात, सेमिकंडक्टर, कोटिंग, अलॉय वगैरे, आणि प्रोसेस साइडचे म्हणजे धातू काढण्याच्या बाजूचे त्यामानाने कमी. देशभरात बहुतेक ठिकाणी हीच परिस्थिती आहे. म्हणून नुसतं डिपार्टमेंटचं नाव बघून फॉर्म भरू नका, फॅकल्टीच्या पानावर जाऊन कुणाचे पेपर लीचिंगवर (खनिजातला धातू केमिकलमध्ये विरघळवण्यावर) आहेत, कुणाचे स्लॅगवर, कुणाचे ब्लास्ट फर्नेसच्या मॉडेलिंगवर ते बघा, त्यातले दोन-तीन पेपर खरोखर वाचा, आणि मग आपला तो कागदावरचा प्रश्न घालून एक छोटा ईमेल करा. ईमेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट' असलं काही नको, फीड काय, आकडे काय, अडचण कुठं, बास. आकडे घालून लिहिलेल्या ईमेलला उत्तर येतं, निदान जास्त वेळा येतं.

नोकरीवाल्यांसाठी तिथल्या कॅटेगरी समजून घेणं फार गरजेचं आहे. एम.टेकला टीचिंग असिस्टंट म्हणून जाणारी मुलं दोन वर्षांत बाहेर पडतात, रिसर्च असिस्टंटला तीन वर्षं, पण दोन्हीत नोकरी सोडून कॅम्पसवर राहायचं असतं. नोकरी टिकवायची असेल तर एम.टेकला स्पॉन्सर्ड, आणि पीएचडीला स्पॉन्सर्ड किंवा एक्स्टर्नल. स्पॉन्सर्ड म्हणजे कंपनी तुम्हाला पगारी रजेवर पाठवते. एक्स्टर्नल म्हणजे तुम्ही रिसर्च आपल्याच कंपनीच्या लॅबमध्ये करता, तिथला एक को-गाईड असतो, आणि कोर्सवर्कपुरतं कॅम्पसवर जाता. म्हणजे कंपनीकडे खरीखुरी आर अँड डी लॅब असली तरच हा रस्ता उघडतो, नुसती क्यूसी (माल तपासायची) लॅब दाखवून भागत नाही. कंपनी छोटी असेल तर ही शंका पहिल्याच आठवड्यात फेडून घ्या, नाहीतर सहा महिने स्वप्न बघण्यात जातात.

हायड्रोमेटलर्जीत असाल, म्हणजे लीचिंग, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (त्या द्रावणातला धातू दुसऱ्या द्रवात ओढून घेणं), इलेक्ट्रोविनिंग (विजेने धातू बाहेर काढणं), तर माटुंग्याच्या आयसीटीचा विचार जरूर करा. पूर्वीचं यूडीसीटी, १९३३ पासूनचं. लोकांना वाटतं तिथं डाय, फार्मा, ऑइल एवढंच. अहो लीचिंगची टाकी म्हणजे स्टर्ड रिअ‍ॅक्टरच, आणि मिक्सर-सेटलर म्हणजे लिक्विड-लिक्विड एक्स्ट्रॅक्शन. टाकीत ढवळणं, मास ट्रान्सफर, दोन फेज वेगळे होणं या गोष्टी केमिकल इंजिनिअरिंगवाले पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. बॅटरीचा ब्लॅक मास (जुन्या बॅटरीची काळी भुकटी) लीच करून लिथियम, कोबाल्ट, निकेल काढणारी जी युनिटं आता उभी राहतायत त्यांच्या माणसांना तर मेटलर्जी डिपार्टमेंटइतकाच याचा उपयोग. बीएआरसी किंवा डीएईच्या (अणुऊर्जा खात्याच्या) इतर युनिटमध्ये असाल तर अणुशक्तीनगरचं होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट तुमच्यासाठीच आहे, युरेनियम, थोरियम, झिर्कोनियम, रेअर अर्थ यांच्या एक्स्ट्रॅक्शनचं जे ज्ञान ट्रॉम्बेला साठलंय ते दुसरीकडे सहज मिळणार नाही.

मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर महाराष्ट्रातच नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी दोन्हीकडे मेटलर्जीची जुनी डिपार्टमेंटं आहेत. नागपूरला आणखी एक फायदा म्हणजे सगळा गोतावळाच तिथं, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं हेडऑफिस, मँगनीजवाल्या मॉइलचं हेडऑफिस, अ‍ॅल्युमिनियमसाठी जेएनएआरडीडीसी ही संशोधन संस्था. मिनरल प्रोसेसिंगच शिकायचं असेल तर धनबादचं आयआयटी आयएसएम. आणि पीएचडीसाठी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या दोन लॅब, भुवनेश्वरची आयएमएमटी आणि १९५० पासूनची जमशेदपूरची एनएमएल, दोन्हीकडे एसीएसआयआर या तिच्याच अकादमीमार्फत डिग्री मिळते आणि पायलट प्लांट (खऱ्या प्लांटची छोटी प्रत) हाताळायला मिळतो. पायलट प्लांट ही फार मोठी गोष्ट आहे, बीकरमध्ये ९८ टक्के लीच झालेला माल टाकीत किती होतो ते तिथं कळतं.

परदेशाबद्दल सारखं विचारतात म्हणून लिहितो. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या माणसांसाठी ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, ग्रॅज्युएट डिप्लोमा असे छोटे टप्पे असतात, केमिस्ट्री नाहीतर दुसऱ्या इंजिनिअरिंगमधून आलेल्याला मेटलर्जीत वळवायला ही रचना छान आहे. पर्थच्या मर्डॉक युनिव्हर्सिटीचं नाव एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जीत जुनं आहे, कर्टिन युनिव्हर्सिटीचं स्कूल ऑफ माइन्स १९०३ पासून कालगुर्लीला आहे म्हणजे अक्षरशः सोन्याच्या खाणीच्या गावात, आणि ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीचं जेकेएमआरसी हे संशोधन केंद्र ग्राइंडिंग आणि फ्लोटेशनच्या मॉडेलिंगसाठी जगात ओळखलं जातं. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन आणि स्टेलनबॉश, जर्मनीत फ्रायबर्ग, जे १७६५ पासून चालू आहे. यातलं काही निवडताना एकच बघा, कोर्समध्ये खरा प्लांट डिझाइनचा प्रोजेक्ट आहे का, आणि लॅबचं काम प्रत्यक्ष जाऊन करायचं आहे का. सगळंच ऑनलाइन असेल तर थिअरी चांगली होईल, पण फ्लोटेशन सेलवरचा फेस बघून रिएजंट कमीजास्त करणं स्क्रीनवर शिकता येत नाही.

आता गेटबद्दल, म्हणजे एम.टेकच्या प्रवेशपरीक्षेबद्दल. मेटलर्जीचा पेपर एमटी, केमिकलचा सीएच. ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास, स्कोअर तीन वर्षं चालतो. परीक्षा साधारण फेब्रुवारीत आणि फॉर्म आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. आयआयटीच्या ऑफर सीओएपी या पोर्टलवर येतात, एनआयटीच्या सीसीएमटीवर. स्पॉन्सर्डवाल्यांचे नियम वेगळे असतात, ते त्या वर्षीच्या ब्रोशरमध्ये ओळ न ओळ वाचायचे. कामावर असलेल्या माणसाने सगळा सिलॅबस सारखा वाचायला जाऊ नये. थर्मोडायनॅमिक्स, ट्रान्सपोर्ट, मिनरल प्रोसेसिंग आणि एक्स्ट्रॅक्टिव्ह हे आपलं घर, इथं एक मार्क सोडायचा नाही. गणित आणि अ‍ॅप्टिट्यूडला रोज थोडं थोडं. फिजिकल आणि मेकॅनिकल मेटलर्जी केमिकलवाल्यांना जड जाते, तिथं बेसिक तेवढं पक्कं करा. आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या एनपीटीईएलवर मिनरल प्रोसेसिंगचे, नॉन-फेरसचे, मटेरियल आणि हीट बॅलन्सचे कोर्स फुकट आहेत. हीट बॅलन्सचा कोर्स तर गेट द्या अगर न द्या, करूनच टाका, पेन घेऊन, लोकलमध्ये दीडपट स्पीडवर ऐकून नाही.

इंटरव्ह्यूत नोकरीवाल्या माणसाला काय विचारतात? बेसिकच. पण आडवं लावून. एलिंगहॅम डायग्राम (तापमान बदललं की कुठलं ऑक्साइड किती पक्कं बनतं त्याचा आलेख) काढायला लावतात आणि म्हणतात सगळ्या रेषा वर चढतात, मग कार्बन मोनॉक्साइडची खाली का जाते? पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. कारण साधं आहे, दोन कार्बन आणि एका ऑक्सिजनपासून दोन मोनॉक्साइड होतात म्हणजे गॅसचा एक मोल होता त्याचे दोन झाले, एन्ट्रॉपी वाढली, म्हणून तापमान वाढेल तशी रेषा उतरते. बाकी धातूंच्या रेषा चढतात कारण तिथं गॅस नाहीसा होतो. हे कळलं की पुढचं आपोआप येतं, लोखंड कोळशाने का निघतं आणि अ‍ॅल्युमिनियमला १८८६ साली हॉल आणि हेरूने विजेचा रस्ता काढेपर्यंत स्वस्त पद्धत का नव्हती. मग विचारतील जस्त. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि कार्बनने त्याचं ऑक्साइड रिड्यूस व्हायला त्याहून जास्त तापमान लागतं, म्हणजे धातू वाफ होऊनच बाहेर येतो आणि थंड होताना कार्बन डायऑक्साइड भेटला की परत ऑक्साइड. राजस्थानात झावरला शेकडो वर्षांपूर्वीच्या मातीच्या मुशी सापडल्यात, त्या उलट्या ठेवायचे म्हणजे वाफ खाली उतरून हवा न लागता थंड व्हायची. हे असं जोडून बोलता आलं तर समोरचा माणूस सरसावून बसतो.

आणि स्वतःच्या प्लांटबद्दल विचारतातच. लीचिंगमध्ये असाल तर 'तुमचा रेट (विरघळण्याचा वेग) कशाने ठरतो' हा प्रश्न येणारच. ढवळण्याचा वेग वाढवल्यावर रेट वाढतो का? वाढत असेल तर दाण्याभोवतीच्या पातळ थरातून अ‍ॅसिड आत जायला वेळ लागतोय. दहा-वीस अंश वाढवल्यावर खूप उडी मारतो? मग रिअ‍ॅक्शनच हळू आहे. सुरुवातीला पटकन होऊन नंतर वक्र आडवा पडतो? तर दाण्यावर काहीतरी थर बसतोय, तो मायक्रोस्कोपखाली बघा. एवढं सांगता आलं तर तुम्ही अर्धा लिटरेचर सर्व्हे तिथंच केलात. मात्र सायनाइडचं काम करत असाल तर पीएच १० च्या वर का ठेवतो हे आधी सांगा, कारण खाली आला की हायड्रोजन सायनाइडचा गॅस सुटतो, आणि सेफ्टी न बोलणारा प्लांटचा माणूस कुणालाच आवडत नाही.

आता ऑफिसची बाजू. एनओसी (कंपनीचं ना-हरकत पत्र) एचआरकडून मागायची नाही, म्हणजे सही त्यांचीच लागते पण आधी प्लांट हेड किंवा टेक्निकल हेडला पटवायचं. त्यांना तो कागद दाखवा, रिकव्हरी एक टक्का वाढली तर वर्षाला किती टन धातू जास्त, हे त्यांच्याच आकड्यात मांडा. मग स्पॉन्सरशिपचं बोलणं सोपं जातं. नोकरीचा बॉन्ड (इतकी वर्षं सोडणार नाही असा करार) येतोच बहुतेक ठिकाणी, किती वर्षं आणि आधी सोडलं तर काय परत द्यायचं ते नीट वाचून सही करा, घरी पण दाखवा. आता वेळही बरी आहे, सरकारने २०२३ मध्ये ३० क्रिटिकल मिनरल्सची यादी काढली, जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचं नॅशनल क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झालं, आणि त्याखालच्या सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये आयआयटी बॉम्बे आहे, धनबाद आहे, आयएमएमटी आणि एनएमएल पण आहेत. तुमचा प्रश्न लिथियम, कोबाल्ट, रेअर अर्थ यांच्या जवळपास जात असेल तर हे साहेबांना आवर्जून सांगा.

येण्याजाण्याचं गणित आधी मांडा. तळोजा-पनवेलकडून पवई म्हणजे हार्बरने कुर्ला, तिथून सेंट्रलने कांजूरमार्ग, पुढे रिक्षा, आणि पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं की तो दिवस गेला. म्हणून कोर्सवर्कच्या सेमिस्टरला जनरल शिफ्ट मागून घ्या, किंवा जमलं तर तेवढे महिने पवई-कांजूरला खोली घ्या. नाइट करून सकाळी साडेआठच्या लेक्चरला बसणारे मी बघितलेत, कुणाचंच नीट झालेलं नाही, ना काम ना अभ्यास.

आणि डेटाची परवानगी. ही लेखी घ्या, तीही अ‍ॅडमिशनच्या आधी. कुठले आकडे थिसिसमध्ये जातील, कुठले नुसते रिलेटिव्ह दाखवायचे, पेपर छापायच्या आधी कंपनीत कोण वाचणार आणि किती दिवसांत परत देणार, पेटंट झालं तर कुणाचं. तोंडी 'हो हो बघू' वर जाऊ नका, साहेब बदलतात, कंपन्या विकल्या जातात, आणि तीन वर्षांचा डेटा कुलपात अडकला की गाईड पण काही करू शकत नाही. गाईडलाही हा कागद पहिल्या भेटीत दाखवा, त्याला इन्स्टिट्यूटच्या ऑफिसकडून वेगळा करार करायला लागला तर त्यात महिने जातात.

पीएचडीच्या अ‍ॅडमिशन वर्षातून दोनदा असतात, त्यामुळे गेट हुकलं तरी वर्ष हुकत नाही. ब्रोशर आलं की पहिल्यांदा इलिजिबिलिटीचं पान उघडा, तुमच्या डिग्रीचं नाव त्या यादीत शब्दशः आहे का बघा. एमएस्सी केमिस्ट्री, मायनिंग आणि जिऑलॉजीवाल्यांनी तर नक्कीच, कारण एका ठिकाणी चालणारी डिग्री दुसरीकडे चालत नाही. यादीत नसेल तर फी भरायच्या आधी अ‍ॅकॅडमिक ऑफिसला ईमेल टाका आणि त्यांचं उत्तर प्रिंट काढून फाइलला लावा.